मेंदूतला फुगा : घाई केव्हा, धीर केव्हा

वऱ्हाडात डोके दुखायला कारणांचा तोटा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की ऊन लागते. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे डोके ठणकते. हरभऱ्याला रात्रीचे ओलीत करायचे तर जागरण होते, उपवासाला साबुदाणा खाल्ला की पित्त चढते, आणि अर्धशिशी तर घरोघरी एखादीला असतेच. अकोटच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागणारे गिऱ्हाईक दिवसभर असते. गोळी, कांद्याचा रस, थोडी झोप. संध्याकाळपर्यंत माणूस कामाला लागतो आणि बहुतेक वेळा यात काही चुकलेले नसते.

पण एक डोकेदुखी या यादीत बसत नाही. ती हळूहळू चढत नाही. माणूस बैलांना पाणी दाखवत असतो, बाई भाकरी थापत असते, दुकानदार शटर वर करत असतो, आणि एका क्षणात डोक्यात वीज कोसळते. 'कोनं मांगून डोस्क्यात घन हानला असं वाटलं' असे रुग्ण सांगतो, तेव्हा तो वाढवून सांगत नसतो. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी ही वेदना काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात टोकाला पोहोचलेली असते. सोबत उलटी होते, मान आखडते, उजेड सहन होत नाही, कधी क्षणभर शुद्ध हरपते. मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा फुटल्याची ही खूण असू शकते. वैद्यकाच्या भाषेत या फुग्याला ॲन्युरिझम म्हणतात. अशी डोकेदुखी झालेल्या प्रत्येकाचा फुगाच फुटलेला असतो असे नाही. बहुतेकांमध्ये दुसरे, कमी गंभीर कारण निघते. मात्र ते तपासणीनंतर कळते, आधी नाही.

या आजाराशी वागताना माणसे नेमकी उलटी वागतात. फुगा फुटलेला असतो तेव्हा 'सकाळपर्यंत पाहू' म्हणून थांबतात. आणि दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये न फुटलेला लहानसा फुगा दिसला, की त्याच आठवड्यात शेत गहाण टाकून ऑपरेशनला निघतात. पहिल्या प्रसंगात एकेक तास मोलाचा असतो. दुसऱ्यात बहुधा विचार करायला महिने हाताशी असतात.

फाट्यावरची कमजोर जागा

मेंदूला रक्त पोचवणाऱ्या चार धमन्या मानेतून वर जातात, दोन पुढून आणि दोन मणक्यांच्या आधाराने मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते विलिसचे कडे. फुगे बहुतेक करून याच कड्यावर येतात, आणि तेही जिथे एका धमनीला फाटा फुटतो तिथे.

फाट्यावरच का, हे संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या जोडणाऱ्याला सांगावे लागत नाही. सरळ नळी सहसा दगा देत नाही. पाण्याचा मारा टी-जोडावर बसतो आणि गळती तिथूनच सुरू होते. रक्ताचा प्रवाह मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फाट्याच्या बेचक्यावर आदळतो. मेंदूतल्या धमन्यांची भिंत शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असते, फाट्यावर तिचा मधला स्नायूचा थर आणखी विरळ असतो. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने तिथली भिंत झिजते आणि बाहेर फुगते, जुन्या टायरच्या फटीतून सायकलची ट्यूब फुगून बाहेर यावी तशी. हे फुगे बहुधा जन्मतः नसतात, वयाबरोबर तयार होतात. पुष्कळसे तुरीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. २५ मिलिमीटरच्या पुढचे राक्षसी म्हणवले जातात, पण ते थोडे.

शंभर प्रौढ माणसांत साधारण तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, असे जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्यावर दिसते. म्हणजे लग्नाच्या पंगतीला तीनशे मोठी माणसे बसली असतील, तर त्यातल्या आठ-दहा जणांच्या डोक्यात तो असेल आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. फुटण्याचे प्रमाण मात्र वर्षाला लाखात सहा ते दहा एवढेच. बाकीचे लोक फुगा घेऊनच जगतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. हा आकडा घाबरलेल्या कुटुंबाला कोणीतरी शांतपणे सांगायला हवा, तो सहसा सांगितला जात नाही.

फुटतो तेव्हा मात्र गणित क्रूर असते. रक्त मेंदूच्या आत नव्हे, तर मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या मधल्या, पाण्याने भरलेल्या जागेत पसरते. डॉक्टर त्याला सबॲरक्नॉइड हॅमरेज म्हणतात. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत असे रुग्ण शंभरात पाचच्या आसपास, पण हा आजार म्हातारपणाची वाट पाहत नाही. चाळीस ते साठ हे त्याचे नेहमीचे वय, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. घर चालवणारा माणूस किंवा घर सांभाळणारी बाई त्यात सापडते. दहा-पंधरा टक्के लोक रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचत नाहीत. महिनाभरात तिघांतला एक किंवा त्याहून थोडे जास्त दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मागे काही ना काही अधूपण राहते.

पहिला स्राव अनेकदा आपोआप थांबतो. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. ही उसंत फसवी असते. फुगा दुसऱ्यांदा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो, आणि दुसरा स्राव पहिल्याहून कितीतरी जास्त जीवघेणा ठरतो. घाई करायची ती या दुसऱ्या स्फोटाच्या आधी.

काही रुग्णांत फुगा आधी सूचनाही देतो. मोठ्या स्रावाच्या काही दिवस आधी अशीच एक अचानक डोकेदुखी होऊन जाते; थोडेसे रक्त झिरपून थांबलेले असते. दुसरी सूचना डोळ्याची. एका बाजूची पापणी अचानक लोंबू लागली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, एकाचे दोन दिसू लागले, तर मागच्या बाजूचा फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात किंवा नजर काढायला जाण्यात दिवस घालवू नये.

अकोटचे घड्याळ

अकोट हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. पोपटखेडकडची, मेळघाटच्या कुशीतली माणसेही आजारपणात आधी इथेच येतात. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. तिथवरचे अंतर साधारण ४५ किलोमीटर. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय त्याहून लांब. अकोल्याहून नागपूर आणखी अडीचशे किलोमीटर. नकाशावर हे अंतर फार वाटत नाही. पण २०२२ च्या पावसाळ्यानंतर गांधीग्रामचा पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्याने बंद करावा लागला, तेव्हा ४५ किलोमीटर म्हणजे काय हे अकोटकरांना नव्याने कळले. फेऱ्याने जाणाऱ्या गाड्यांचा वेळ कुठच्या कुठे गेला. त्याच नोव्हेंबरात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली. पण रात्री दोन वाजता डोक्यात वीज कोसळलेल्या माणसाला गाडीच्या वेळापत्रकाचा उपयोग नसतो.

या आजारात रस्त्याइतकेच महत्त्व सीटी स्कॅनच्या वेळेला आहे. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत सीटी स्कॅन झालेल्या ९५३ रुग्णांपैकी १२१ जणांना असा रक्तस्राव होता, आणि स्कॅनमध्ये तो एकाचाही सुटला नाही. ताजे रक्त स्कॅनमध्ये पांढरे शुभ्र दिसते. पुढे ते मेंदूभोवतीच्या पाण्यात विरघळत, वाहून जात राहते, आणि जसे दिवस जातात तसे चित्र पुसट होते. आठवड्याने काढलेला स्कॅन कोरा येऊ शकतो, आणि कोरा अहवाल हातात पडला की सगळेच निर्धास्त होतात. अकोटहून सहा तासांत सीटी स्कॅनपर्यंत पोचणे अवघड नाही. पहिले चार तास गोळी, झोप आणि 'बीपी वाढलं असंन' यात गेले नाहीत, तर.

म्हणून अशा वेळी १०८ ला फोन करावा, आणि जी गाडी आधी मिळेल तिने जवळच्या दवाखान्यात पोचावे. रुग्णाला आडवे, डोके किंचित उंच ठेवावे; उलट्या होत असतील तर कुशीवर. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत, त्यांनी रक्त गोठण्याला अडथळा होतो. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची जी एक सवय पडली आहे, ती तर नकोच. अशा रुग्णाचा रक्तदाब वाढलेला असतो आणि तो उतरवावाही लागतो, पण मोजून, हळूहळू. एकदम घसरला तर आधीच रक्ताला तहानलेला मेंदू आणखी कोरडा पडतो.

दवाखान्यात पोचल्यावर सर्वांत मोलाची गोष्ट नातेवाइकांच्या तोंडी असते. 'डोकं दुखतंय' एवढे सांगून भागत नाही. किती वाजता सुरू झाले, काय करत असताना, किती वेळात टोकाला गेले, शुद्ध गेली का, आणि पूर्वी कधी असे दुखले होते का, हे सांगायचे. डॉक्टरांच्या विचाराची दिशा या उत्तरांनी बदलते. वय चाळिशीच्या पुढे, मान दुखणे किंवा पुढे वाकवता न येणे, शुद्ध हरपलेली कोणीतरी पाहिलेली असणे, श्रम करताना सुरुवात होणे, क्षणात टोक गाठणे, यातले एक जरी असले तरी तपास करावा, असा नियम कॅनडातल्या डॉक्टरांनीच बनवला आहे.

निदान चुकते ते फक्त खेड्यात असे मानायचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या एका नामवंत रुग्णालयात आलेल्या ४८२ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५६ जणांना, म्हणजे शंभरातल्या बाराजणांना, पहिल्या भेटीत दुसरेच निदान सांगितले गेले होते, आणि सर्वांत जास्त वेळा ते अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी हे होते. चुकण्याचे सर्वांत मोठे कारण अगदी साधे निघाले : सीटी स्कॅन काढलाच नव्हता. फसगत होते ती शुद्धीवर असलेल्या, चालत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत, आणि वाचवण्यासारखा तर तोच असतो.

उशीर झाला असेल आणि स्कॅन कोरा आला असेल तर डॉक्टर पाठीतून पाणी काढायचे म्हणतात. इथे वऱ्हाडातलीच काय, महाराष्ट्रातली बहुतेक कुटुंबे अडून बसतात. पाठीत सुई टोचली की पाय जातात, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती निराधार आहे. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या दोन मणके खाली घालतात. तिथे फक्त सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात, त्या सुईपुढून बाजूला सरकतात. हाइनरिख क्विन्के या जर्मन डॉक्टरने ही पद्धत १८९१ मध्ये रूढ केली, आणि आजही तिचे काम कुठलेही यंत्र पूर्णपणे करत नाही. मेंदूभोवतालचे पाणी निवळशंख असते. त्यात रक्त मिसळून साधारण बारा तास उलटले की ते पिवळसर पडते आणि पुढे दोनेक आठवडे तसे राहते. स्कॅनमधून पुसली गेलेली साक्ष त्या पिवळेपणात सापडते.

तोंड बंद करण्याच्या दोन वाटा

रक्तस्राव आहे हे ठरल्यावर फुगा कुठे आहे ते शोधायचे. त्यासाठी धमनीत रंगद्रव्य सोडून चित्र घेतात. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये हे पहिल्यांदा केले, त्याआधी डॉक्टर अंधारातच होते. आता सीटी अँजिओग्राफीत बहुतेक फुगे दिसतात. आणखी बारकाईने पाहायचे तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून डीएसए करतात.

फुग्याला हात घालण्याचे धाडस आधी एडिंबरात झाले. १९३१ मध्ये नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या फुग्याभोवती रुग्णाच्याच पायातला स्नायूचा तुकडा गुंडाळला. रुग्ण वाचला. सहा वर्षांनी, २३ मार्च १९३७ रोजी, अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाच्या फुग्याच्या मानेवर चांदीचा छोटा चिमटा बसवला. डोळ्याची पापणी लोंबल्याने तो माणूस डॉक्टरकडे आला होता. फुगा तसाच ठेवून त्याचे तोंड दाबून बंद करायचे, ही कल्पना आजही बदललेली नाही. चिमटे आता टायटॅनियमचे आले, आणि शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते.

दुसरी वाट कवटी न उघडण्याची. इटलीचे गिडो गुल्येल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली रुग्णाच्या धमनीतून बारीक नळी थेट फुग्यापर्यंत नेली, तिच्यातून प्लॅटिनमची केसासारखी तार आत सोडली आणि विजेच्या अगदी सौम्य प्रवाहाने ती नळीपासून सुटी केली. तारेची वेटोळी फुग्यात भरली की आत रक्त गोठते आणि फुगा प्रवाहापासून तुटतो. याला कॉइलिंग म्हणतात. दोन्ही उपाय शक्य असलेल्या २,१४३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००२ मध्ये आला : वर्षाअखेर मृत किंवा परावलंबी राहिलेले चिमटा लावलेल्यांत ३०.६ टक्के, कॉइल भरलेल्यांत २३.७ टक्के. तेव्हापासून कल कॉइलकडे झुकला. तरीही काही जागांचे, रुंद तोंडाचे फुगे चिमट्यालाच चांगले जुमानतात, आणि मेंदूत रक्ताची मोठी गाठ साचली असेल तर कवटी उघडावीच लागते. कोणती पद्धत 'आधुनिक' यापेक्षा हा फुगा कशाला जुमानेल आणि समोरच्या डॉक्टरचा हात कशावर बसलेला आहे, हे प्रश्न जास्त कामाचे.

या दोन्ही गोष्टी करणारे तज्ज्ञ आणि यंत्रे प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. अकोटच्या रुग्णाला अनेकदा नागपूर गाठावे लागते. खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, पण योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात या उपचाराची सोय नसते. म्हणून गाडी हलवण्याआधीच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर, अथवा अकोल्याच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, नेमके कुठे जायचे ते विचारून घ्यावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे. तिथे खाट आहे का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांनीच फोनवर ठरवले तर सर्वांत उत्तम. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात गेलेले तास कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

फुगा बंद झाला म्हणजे आजार संपला नाही, आणि कुटुंबांची दुसरी मोठी चूक इथे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण बोलू लागतो, चहा मागतो. पैसे संपत आलेले असतात, सोयाबीन काढणीला आलेले असते. 'आता बरा आहे, सुट्टी द्या' असा आग्रह सुरू होतो. पण मेंदूभोवती सांडलेले रक्त कुजू लागले की त्याच्या संपर्कातल्या धमन्या आकसतात. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत हा काळ, त्यातही सातवा ते दहावा दिवस सर्वांत वाईट. चांगला बोलणारा माणूस अचानक गोंधळतो, एक हात उचलेनासा होतो. रक्त न पोचल्याने मेंदूचा भाग मरू लागलेला असतो. कधी मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबतो आणि ते नळीने बाहेर काढावे लागते. निमोडिपिन नावाची गोळी या काळासाठी आहे, दर चार तासांनी, एकवीस दिवस, रात्रीसुद्धा. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत या औषधाने मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण ३३ वरून २२ टक्क्यांवर आले. एवढी मदत करणारे औषध मध्येच सोडून घरी जाणे परवडणारे नाही.

न फुटलेला फुगा

आता दुसऱ्या बाजूकडे. चक्कर येते म्हणून, अपघातात डोक्याला मार लागला म्हणून किंवा जुनी अर्धशिशी म्हणून एमआरआय काढला, आणि अहवालात 'चार मिलिमीटरचा ॲन्युरिझम' असे लिहून आले. डोकेदुखीशी त्याचा बहुधा काही संबंध नसतो. तरी त्या दिवसापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, माणसाला पाण्याची घागर उचलू देत नाहीत, डोक्यात बॉम्ब असल्यासारखे सगळे त्याच्याकडे पाहतात.

जपानमध्ये हजारो न फुटलेल्या फुग्यांवर लक्ष ठेवून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. सगळे मिळून वर्षाला शंभरातला एकही पुरता फुटला नाही, प्रमाण ०.९५ टक्के. लहान फुग्यांत ते आणखी कमी, मोठ्यांत बरेच जास्त. उलट, ऑपरेशनचे धोके त्याच दिवशी पत्करावे लागतात. त्यामुळे डॉक्टर आकार, जागा, फुग्याचा ओबडधोबडपणा, वय, रक्तदाब, आधी कधी दुसरा फुगा फुटला होता का, हे सगळे तोलून पाहतात. साठीतल्या माणसाचा तीन मिलिमीटरचा गुळगुळीत फुगा बहुधा तसाच ठेवतात. चाळिशीतल्या बाईचा, मागच्या धमनीवरचा, आठ मिलिमीटरचा, वर पुटकुळी आलेला फुगा सहसा सोडत नाहीत. ठेवायचे ठरले तर सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा चित्र काढायचे आणि जुन्याशी ताडून पाहायचे. म्हणून जुनी सीडी फेकायची नाही; नुसत्या अहवालाच्या कागदावरून फुगा वाढला की नाही हे सांगता येत नाही.

ब्रिटिश अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिने २०१९ मध्ये स्वतःच लिहिलेली हकीकत याच संदर्भात वाचण्यासारखी आहे. २०११ मध्ये तिचा एक फुगा फुटला, त्यावर कॉइल भरली. दुसरा लहान फुगा सापडला, त्यावर लक्ष ठेवायचे ठरले. २०१३ च्या तपासणीत तो दुप्पट झालेला आढळला आणि तेव्हा त्यावर उपचार झाले. ते सोपे गेले नाहीत, कवटी उघडावी लागली. लक्ष ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. तारखेला स्कॅन झाला म्हणून वाढ पकडली गेली.

एकाच घरातल्या दोघा सख्ख्या नातेवाइकांना, म्हणजे आई-वडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी दोघांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी एमआर अँजिओग्राफी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा वंशपरंपरागत आजार असलेल्यांत दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना असे फुगे असतात, त्यांनीही डॉक्टरांशी बोलावे. घरात एकालाच झाला असेल तर सगळ्या खानदानाला रांगेत उभे करून स्कॅन काढण्याची गरज नसते. अशा शोधात सापडलेला दोन मिलिमीटरचा फुगा माणसाला औषधापेक्षा काळजीच जास्त देतो.

हातात असलेल्या गोष्टी दोनच, विडी-सिगारेट आणि रक्तदाब. धूम्रपानाने फुगा तयार होण्याचा, वाढण्याचा आणि फुटण्याचा, तिन्ही धोके वाढतात. आणि सोडल्यावर कमीही होतात. खर्रा आणि तंबाखूवरचा पुरावा इतका पक्का नाही, पण तंबाखू चघळल्यावर रक्तदाब वाढतो आणि तोंडाचा कर्करोग वेगळाच. रक्तदाबाचे दुखणे असे, की तो दुखत नाही. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या खाऱ्या पाण्याचा ॲन्युरिझमशी थेट संबंध जोडायचे कारण नाही. मात्र पोटात मीठ जास्त गेले की रक्तदाब वाढतो, आणि त्या गावांत तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पट्टा बांधून घ्यावा, एवढे कारण पुरेसे आहे. वजन उचलू नये, रागावू नये, कुंथू नये, असे सल्ले नातेवाईक देतात. जोर केल्यावर क्षणभर धोका वाढतो हे खरे, पण बहुतेक फुगे रोजची साधी कामे करताना, काही तर झोपेतही फुटतात. जगणे बंद करून त्यांना टाळता येत नाही. बद्धकोष्ठ आणि खोकला मात्र अंगावर काढू नये.

वाचलेल्या माणसाचे पुढे काय, याची चर्चा घरात फारशी होत नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन ४५ वर्षांचे सिनेटर असताना, फेब्रुवारी १९८८ मध्ये, त्यांच्या एका फुग्यातून स्राव झाला. त्याचे ऑपरेशन झाले, मे महिन्यात दुसऱ्या, न फुटलेल्या फुग्याचेही झाले, आणि ते सप्टेंबरात कामावर परतले. सात महिने लागले. शेतात किंवा दुकानात परतणाऱ्यालाही इतका वेळ द्यावा लागतो. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, हातपाय चालतात, म्हणून घरचे महिन्याभरात हिशेब त्याच्यापुढे ठेवतात आणि त्याला बेरीज जमत नाही. दुपारी तो गळून जातो, नावे आठवत नाहीत, लहानशा गोष्टीवरून भडकतो किंवा रडतो. हे आळशीपण किंवा बाहेरची बाधा नव्हे, जखमी मेंदूची लक्षणे आहेत, आणि पहिल्या वर्षभरात त्यांत पुष्कळ सुधारणा होते. या काळात रक्तदाबाच्या आणि फिटच्या गोळ्या, दिल्या असतील तर, स्वतःहून बंद करायच्या नाहीत. कॉइल भरलेली असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करावी लागते, कारण काही फुग्यांत तारेची वेटोळी दाबली जाऊन तोंड पुन्हा उघडते. तब्येत चांगली वाटत असली तरी नागपूरची ती एक फेरी चुकवू नये.